डावं टेबल, उजवं टेबल: जुन्या शूटर खेळांच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

भाच्याच्या कॉलेजात डिसेंबरात तांत्रिक महोत्सव आहे. त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना जुन्या गेमचा स्टॉल लावायचाय, आणि जुनं मशीन मामाच्या माळ्यावर आहे हे त्याला लहानपणापासून माहीत. म्हणून आज सकाळी मिसळ घेऊन हजर. पार्सल बघितल्यावरच ओळखलं, काहीतरी काम आहे.

ठरलं ते असं. डाव्या टेबलावर माझा पेंटियम १३३, पंधरा इंची सीआरटी (काचेच्या नळीचा जुना) मॉनिटर आणि डॉस या जुन्या प्रणालीतला १९९३ चा मूळ 'डूम', राक्षसांना गोळ्या घालायचा खेळ. उजव्या टेबलावर भाच्याचा नवा पीसी आणि यंदा ऑगस्टमध्ये आलेलं 'डूम + डूम २' हे री-रिलीज (त्याच खेळाची नव्यानं काढलेली आवृत्ती), नाइटडाइव्ह कंपनीच्या केईएक्स इंजिनवरचं. येणाऱ्यानं दोन्ही खेळायचं आणि फरक सांगायचा. जमलं तर तसलाच नंतरचा खेळ 'क्वेक' पण.

भाच्याचं मत आधीच तयार: "मामा, नवं फोर-के आहे, १२० एफपीएस (सेकंदाला चित्रं) आहे. तुलना कसली करायची?" मी म्हटलं, आधी मोजू. कोल्हापुरात राजारामपुरीत सात वर्षं सायबर कॅफे चालवलाय. आठ मशीन, तासाला २० रुपये, संध्याकाळी पोरं क्वेक थ्रीवर तुटून पडायची. 'सेम आहे' आणि 'सेम वाटतं' यातला फरक त्या पोरांनी मला शिकवलाय. माउस बदलला तरी भांडायची.

१२ ऑक्टोबर, दसरा

मशीन माळ्यावरून खाली काढलं. पक्कड-पान्यांबरोबर पेंटियमलाही हळदकुंकू, झेंडूचं फूल. बटण दाबलं तर पंखा दोन फेरे मारून गप्प. पॉवर सप्लाय उघडला, दोन कपॅसिटर पापडासारखे फुगलेत.

सीडींची अवस्था मात्र वाईट. मशीन वर होतं म्हणून २०१९ च्या महापुरातून वाचलं, सीडींचं कपाट खालीच होतं. चार दिवस पाण्यात. गाळ तेव्हाच धुतला होता, पण क्वेकच्या सीडीचा वरचा थर सुटलाय. उजेडाकडं धरली की आरपार दिसतं. डूम फ्लॉपीवरून हार्डडिस्कवर उतरवलेला होता, तो मिळेल अशी आशा.

संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटून आलो. भाच्यानं आपट्याचं पान कीबोर्डखाली ठेवलंय, म्हणे लकी.

१७ ऑक्टोबर

कपॅसिटर बदलले. दिवाळीच्या साफसफाईत घरची कामं आली, बाकी काही नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

चालू झालं! घड्याळ १ जानेवारी १९८० दाखवतंय, बायोसची बॅटरी मेलेली, ती बदलली. हार्डडिस्क जात्यासारखी आवाज करते पण डूम आहे. सगळ्यांनी एकेक लेव्हल खेळून घेतली. प्रकल्पाच्या नावाखाली दोन तास गेले, त्याची नोंद इथं करायची नाही असं ठरलं होतं, तरी केली.

पहिला फरक भाच्यानंच पकडला: "मामा, ह्या मशीनवर राक्षस उंच दिसायलेत. माझ्या लॅपटॉपवर बुटके आहेत." त्याच्या लॅपटॉपवर एक फुकटचा पोर्ट (जुना खेळ नव्या मशीनवर चालवणारी आवृत्ती) आहे. पट्टी लावली. डावीकडं चित्राची रुंदी-उंची ४:३. लॅपटॉपवर १६:१०.

कारण साधं आहे, पण अजूनही लोक इथंच फसतात. डूमचं चित्र ३२० गुणिले २०० ठिपक्यांचं. आकड्यानं बघितलं तर ते १६:१०. पण १९९३ साली ते ज्या काचेवर दिसायचं ती ४:३ होती, आणि मॉनिटर ते चित्र काच भरेपर्यंत उभं ताणायचा. म्हणजे एकेक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच. चित्रकारांनीही तसल्याच काचेवर बघून चित्रं काढलेली. आज चौकोनी ठिपक्यांच्या पडद्यावर ३२०×२०० जसंच्या तसं टाकलं की सगळी दुनिया वरून दाबल्यासारखी दिसते. भाच्याच्या पोर्टमध्ये हे दुरुस्त करायची खूण आहे, ती बंद होती. लावल्यावर राक्षस ताठ उभे राहिले.

नव्या री-रिलीजवर पट्टी लावली. उंची बरोबर. एक गुण.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज लॅग मोजायचा, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर. उद्यमनगरात पॅनेल वायरिंग करणारा मित्र आहे, त्यानं दोन माउस उघडून डाव्या बटणाच्या स्विचला लाल एलईडी जोडून दिली. बटण दाबलं की दिवा लागतो. मोबाईल स्टँडवर लावून माउस आणि पडदा एकाच चौकटीत घ्यायचे, २४० फ्रेम (चित्रं) प्रतिसेकंदानं शूट करायचं आणि दिवा लागल्यापासून बंदुकीच्या तोंडाशी जाळ दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद.

मित्र म्हणाला, "एवढ्या बारीक हिशेबानं आम्ही लेथ पण लावत नाही लगा." पैसे घेतले नाहीत, पण स्टॉलवर पहिला नंबर त्याचा ठरलाय.

डावीकडं पिस्तूल: दहा वेळा मोजलं, ३१ ते ३७ फ्रेम. म्हणजे साधारण १३० ते १५५ मिलिसेकंद. भाचा हसायला लागला. "हे तुमचं जगात भारी जुनं मशीन? दीडशे मिलिसेकंद?" मला पण पटेना. सीआरटीला स्वतःचा उशीर जवळजवळ नसतोच, आणि डॉसमध्ये मध्ये कुणी दलाल नाही. मग एवढा वेळ जातो कुठं?

२८ ऑक्टोबर, रात्री

सापडलं. डूमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, खेळ बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरनं डिसेंबर १९९७ मध्ये खुला केला, तो उघडून बसलो. डूमची दुनिया सेकंदाला ३५ ठोक्यांनी चालते. त्या ठोक्याला टिक म्हणतात, एक टिक २८.६ मिलिसेकंदांचा. आणि पिस्तुलाच्या हालचालींच्या तक्त्यात लिहिलंय: बटण दाबल्यावर पहिलं चित्र ४ टिक, गोळी त्याच्या पुढच्या चित्राला सुटते. ४ टिक म्हणजे ११४ मिलिसेकंद. हा लॅग नाहीच, पिस्तुलाचा स्वभाव आहे. शॉटगनला ३ टिक. चेनगनला काहीच नाही, पहिल्याच चित्राला गोळी.

म्हणजे कालची सगळी मोजणी चुकीच्या हत्यारानं झाली. दहा रेकॉर्डिंग पुसली. यापुढं फक्त चेनगन.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. हा ११४ मिलिसेकंदांचा उशीर एखाद्यानं नव्या आवृत्तीत 'सुधारला' असता तर आकड्यात ती चपळ झाली असती, आणि डूम राहिली नसती. पिस्तूल टाकून शॉटगन शोधायची घाई त्या उशिरातून पण येते.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

सुट्टी. डाव्या टेबलावर पणती लावली होती, सीआरटीपासून लांब.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ओवाळणी झाल्यावर ताई म्हणाली, "आता तरी ते डबडं बाजूला ठेवा." पण नवा पीसी तिच्याच घरी, ५५ इंची टीव्हीला जोडलेला. चकली एका हातात, मोबाईल दुसऱ्या हातात.

चेनगन, डावीकडची परवाची मोजणी: ४ ते ९ फ्रेम. हा फरक टिकमुळं आहे. बटण टिकच्या सुरुवातीला दाबलं तर थांबावं लागतं, शेवटी दाबलं तर लगेच.

उजवीकडं, टीव्हीवर: २४ ते २९ फ्रेम. शंभर मिलिसेकंदांच्या वर. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा. मग टीव्हीच्या मेनूत गेम मोड शोधला. तीन पडद्यांच्या आत लपवलेला होता. तो लावल्यावर १३ ते १७. मग गेममध्ये व्ही-सिंक (पडद्याच्या ठोक्याची वाट बघून चित्र दाखवायची सेटिंग) बंद केल्यावर ९ ते १२. म्हणजे जो उशीर आम्ही री-रिलीजच्या नावावर लिहिणार होतो तो बहुतेक टीव्हीचा निघाला. टीव्ही चित्र 'सुंदर' करायला फ्रेम अडकवून ठेवतो, आणि व्ही-सिंक रांगेत उभं करतो. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर, रांगेतली एकेक फ्रेम १६.७ मिलिसेकंद खाते.

यापुढं कुणी म्हणालं की अमुक री-रिलीज जड चालतं, तर आधी विचारायचं: कुठल्या पडद्यावर?

ताईनं चकल्यांचा डबा दिलाय. स्टॉलच्या खर्चात धरू नये, ही तिची अट.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचा विषय डोक्याला त्रास देणारा, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. डूमच्या ३५ टिकांचं करायचं काय?

डॉसमध्ये हे चित्र ७० हर्ट्झवर चालायचं. ७० म्हणजे ३५ ची बरोबर दुप्पट. प्रत्येक फ्रेम दोनदा दिसायची, ना कमी ना जास्त. आजचा साधा पडदा ६० हर्ट्झचा. ३५ फ्रेम ६० घरांत बसवायच्या तर २५ फ्रेम दोनदा दिसतात आणि १० एकदाच. भिंतीच्या कडेनं सरळ चाललं तरी चित्र लंगडतं. खेळणाऱ्याला कारण कळत नाही, 'काहीतरी खटकतंय' एवढंच कळतं.

नव्या आवृत्त्यांचा उपाय म्हणजे इंटरपोलेशन. दोन टिकांच्या मधल्या जागा हिशेबानं भरून मधली चित्रं काढायची. २०१९ ला जे री-रिलीज आलं ते सुरुवातीला यात मागं होतं, ६० फ्रेम जानेवारी २०२० च्या अपडेटमध्ये आल्या. (त्याच आवृत्तीनं सुरुवातीला १९९३ चा एकट्यानं खेळायचा गेम उघडायला लॉगिन मागितलं होतं. ओरड झाल्यावर ते सक्तीचं राहिलं नाही. असो.) आताच्या आवृत्तीत चित्र लोण्यासारखं फिरतं.

पण यात एक मेख आहे. दोन टिकांच्या मधलं चित्र काढायचं तर दुसरा टिक आधी झालेला पाहिजे. म्हणजे पडद्यावर दिसणारा राक्षस खऱ्या राक्षसापेक्षा एक टिकापर्यंत मागं असतो. गुळगुळीतपणाची किंमत २८ मिलिसेकंदांपर्यंत. मान फिरवणं बहुतेक पोर्ट लगेच दाखवतात म्हणून हाताला ते जाणवत नाही, गोळी मात्र टिकच्या ठोक्यालाच सुटते.

भाच्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आम्ही हातानं १४० चा मोड तयार केला. १४० म्हणजे ३५ ची चौपट. इंटरपोलेशन बंद असलेल्या पोर्टमध्ये प्रत्येक टिक बरोबर चार वेळा. लंगडणं गेलं! भाचा पाच मिनिटं नुसता कॉरिडॉरमधून चालत होता. "मामा, आता हे तुमच्या डबड्यासारखं दिसायलंय." एवढं कौतुक त्या मशीनचं याआधी झालेलं नाही.

फक्त एलसीडीवर फिरताना चित्र पुसट होतं, तेवढं सीआरटीला होत नाही. सीआरटीचा ठिपका चमकून विझतो, एलसीडीचा पुढची फ्रेम येईपर्यंत पेटलेला राहतो. त्यावर आमच्याकडं इलाज नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

ठिपक्यांचा प्रश्न. उजवीकडं डॉसबॉक्समध्ये (नव्या पीसीवर डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) मूळ ३२०×२०० पण दाखवायचंय. १०८० ओळींच्या पडद्यावर २०० ओळी ताणल्या की ५.४ पट होतात. अर्धा ठिपका काढता येत नाही, म्हणून काही ओळी पाच ठिपक्यांच्या, काही सहाच्या. आकडे आणि चेहरे वेडेवाकडे. कडा गुळगुळीत करणारा फिल्टर लावला की तेल चोपडल्यासारखं.

वहीत गुणाकार करत बसलो होतो. रुंदीला ५ पट, उंचीला ६ पट: १६००×१२००. बरोबर ४:३, बरोबर १.२ चं गुणोत्तर, एकही अर्धा ठिपका नाही. म्हणजे पडदा १२०० ओळींचा पाहिजे. आणि १९२०×१२०० चे मॉनिटर तर ऑफिसांतून भंगारात जातात! दुपारी ओळखीच्या सेकंडहँडवाल्याकडं गेलो, धूळ खात पडलेला एक मिळाला. महोत्सवापुरता भाड्यानं, पटलं तर घ्या म्हणाला. घरी आणून जोडला. काय धार आहे! फोर-के टीव्हीवर २१६० ओळींत २०० बसवायच्या म्हणजे १०.८, तिथंही भागाकार नीट जात नाही. फोर-केपेक्षा हा भंगारातला ऑफिस मॉनिटर या कामाला सरस, हे मी भाच्याला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तो उठून गेला.

२० नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी

सकाळी मत देऊन आलो, दिवसभर क्वेक.

क्वेक जून १९९६ चा. त्याचं संगीत ट्रेंट रेझ्नरच्या नाइन इंच नेल्स या बँडचं, आणि ते सीडीवर साध्या ऑडिओ ट्रॅकसारखं असायचं. खेळ चालू असताना सीडी ड्राइव्ह गाणं वाजवायचा. त्यामुळं पुढं सीडीशिवाय डाउनलोड म्हणून विकला गेला तेव्हा कित्येक वर्षं खेळ मुका होता, नुसते पायांचे आणि राक्षसांचे आवाज. २०२१ च्या री-रिलीजमध्ये संगीत परत जागेवर आलं. माझी सीडी पंचगंगेनं नेली, म्हणून डावीकडचा क्वेक मुका आणि उजवीकडचा बोलका. इथं मूळ माल हरला, मान्य.

चित्राचं उलटं. पेंटियम १३३ वर क्वेक सेकंदाला तीस फ्रेमच्या आतबाहेर रखडतो, पण सॉफ्टवेअर रेंडरिंगमध्ये (थ्रीडी कार्डाशिवाय प्रोसेसरनंच काढलेलं चित्र) अंधार कसा दाट आहे. १९९७ मध्ये थ्रीडी कार्डांसाठी जीएलक्वेक आला तेव्हा सगळे हरखले, आम्ही पण. त्या घाईत अंधारात स्वतः चमकणारे रंग गेले, अति उजेडाची झळाळी गेली, आणि टेक्स्चर (भिंती-राक्षसांवर चढवलेली चित्रं) पुसट झाले. तेच 'सुधारित' म्हणून लोकांच्या डोळ्यांत बसलं. म्हणून नव्या आवृत्तीत आम्ही टेक्स्चरचं फिल्टरिंग बंद केलं. नवी सुबक मॉडेल्स पण बंद. जुन्या राक्षसांची कातडी थरथरते, कारण प्रत्येक बिंदूची जागा एकेका बाइटमध्ये कोंबलेली आहे, एका दिशेला फक्त २५६ जागा. भाच्याला ती थरथर दोष वाटते. मला ती आजारी जनावरासारखी वाटते आणि बरी वाटते. मतभेद नोंदवून ठेवला.

मूळ क्वेक ७२ फ्रेमला स्वतःला अडवतो. हालचालींचं गणित फ्रेमला बांधलेलं, वर गेलं की बिघडायला लागतं. चांगले पोर्ट चित्र आणि गणित वेगळं करतात. क्वेक थ्रीमध्ये याचीच गंमत व्हायची. एका फ्रेमचा वेळ पूर्ण मिलिसेकंदांत धरलेला, त्यामुळं १२५ फ्रेमला बरोबर ८ मिलिसेकंद पडायचे आणि आकडे गोल करताना उडी किंचित उंच जायची. माझ्या कॅफेतली पोरं सकाळी आली की आधी कन्सोल (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडून १२५ टाकायची. का, ते एकालाही सांगता येत नव्हतं. "भावा, उडी लागते," एवढंच.

२४ नोव्हेंबर, रविवार

आवाज. डूमचे बहुतेक आवाज ११,०२५ हर्ट्झ, ८ बिट. नवी यंत्रणा ते ४८,००० वर नेताना गुळगुळीत करते आणि शॉटगन उशीवर मारल्यासारखी वाजते. डावीकडं साउंड ब्लास्टर १६ कार्डातून तीच शॉटगन पत्र्यावर दगड पडावा तशी.

संगीतात मूळ कशाला म्हणायचं यावर वाद झाला. संगीतकार बॉबी प्रिन्सनं ते रोलंडच्या साउंड कॅनव्हासवर रचलं, पण आपल्याकडं ते यंत्र कुणाकडं होतं? आम्ही ऐकलं ते साउंड ब्लास्टरच्या एफएम चिपमधलं कुरकुरणारं. म्हणजे माझी आठवण स्वस्त कार्डाची आहे. री-रिलीजमध्ये जुनी धून आणि अँड्र्यू हलशल्टनं नव्यानं वाजवलेली, दोन्ही निवडता येतात. पोरांनी नवी लावली. आवाज वाढवल्यावर शेजारच्या काकू बघायला आल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून.

१ डिसेंबर, रविवार

भाच्याच्या मित्राला हाफ-लाइफ पण ठेवायचा होता. जागा नाही. पण एक धडा घेतला. १९९८ चा खेळ रुंद पडद्यावर टाकताना दिसण्याचा आडवा कोन ९० अंशच ठेवला तर उभा कोन सुमारे ७४ वरून ५९ वर येतो. वरचं-खालचं कापलं जातं, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपल्याला जास्त दिसतंय. १६:९ ला आडवा कोन १०६ पाहिजे. उजव्या टेबलावरच्या क्वेकला ती सेटिंग तपासली, बरोबर.

१४ डिसेंबर, शनिवार, स्टॉलवरून

उजवं टेबल: १२०० ओळींचा मॉनिटर, टीव्ही नाही. व्ही-सिंक बंद, फिल्टर बंद, १००० हर्ट्झचा माउस. पुठ्ठ्यावर सेटिंग लिहून लावल्यात. डावं टेबल: जसं आहे तसं. फक्त मूळ डूममध्ये माउस पुढं सरकवला की माणूसच पुढं चालतो, हे सांगायला एक पोरगा कायम उभा ठेवावा लागला. नवीन मुलं मान वर करायला जातात आणि राक्षसाच्या अंगावर जाऊन आदळतात.

दुपारपर्यंत दोन्हीकडं रांग. उजवीकडं जास्त, खोटं कशाला सांगू. उद्यमनगरवाला मित्र ठरल्याप्रमाणं पहिला आला, डावीकडं बसला, चेनगन उचलली आणि दहा मिनिटं उठला नाही. त्याला फरक विचारला तर म्हणाला, "उजवीकडचं डोळ्याला बरं, इकडचं बोटाला." भाच्यानं ते पुठ्ठ्यावर खाली लिहून टाकलं.

साडेतीनला डावा मॉनिटर एकदा विझून परत लागला. त्याचेही कपॅसिटर आता बघावे लागणार. १९२०×१२०० वाला परत द्यायचा नाही, उद्या पैसे देऊन येतो.